बिनआवाजाची वायर

ज्ञानोबा साउंडवाल्याला वायर चांगली की खराब हे ओळखायला मीटर लागत नसे. वायरीचं एक टोक मशीनमध्ये खोचायचं, बोट जिभेवर ओलं करायचं आणि दुसऱ्या टोकाला लावायचं. स्पीकरच्या बॉक्समधून 'भुंऽऽ' आलं की वायर जिवंत, नाही आलं की मेलेली. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. असलं काही डोळ्यांदेखत झालं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "ज्ञानोबा, एक दिवस वायर जिवंत निघेल आणि तुम्ही जाल," असं मी त्याला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. तो हसायचा आणि पुढच्या वायरीसाठी बोट ओलं करायचा. चिडायला मला जागाही नव्हती, कारण बारा वर्षांत त्याचं बोट एकदाही चुकलं नाही. माझं मीटर दोनदा चुकलं, आणि दोन्ही वेळा ते त्यानंच दुरुस्त करून दिलं.

माझी ओळख करून देतो, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. मी रेणुकादास, नांदेडचा. आमचं कुलदैवत माहूरची रेणुका, म्हणून हे नाव. नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात माझी नोकरी. पटावर पोरं एकशे वीस, वर्गात अकरा. उरलेली एकशे नऊ लातूरला, क्लासला. नाव आमच्याकडे, अभ्यास तिकडे. परीक्षेपुरती परत यायची आणि मलाच विचारायची, "सर, तुम्ही इथं काय शिकवता?" माझ्यावर वेळ अशी की हाताला कीबोर्डची कला असल्यामुळे दर रविवारी मी लातूरला ऑर्केस्ट्रात वाजवायला जायचो, आणि ऑर्केस्ट्राला सुपारी द्यायचे तेच क्लासवाले. ज्यांनी माझा वर्ग ओस पाडला त्यांच्याच गुणगौरव समारंभात मी कीबोर्डवर सनई वाजवत होतो. माझी बायको सौदामिनी एकेक वाक्य मोजून बोलते. ती म्हणाली, "निदान तिथं तरी तुमच्यासमोर पोरं बसतात."

या समारंभांत माझी ज्ञानोबाशी गाठ पडली. मी स्टेजवर, तो समोर हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सरपाशी. मधे दीड-दोन हजार माणसं. खुणांनी बोलायचं. बारा वर्षांत आमचं खरं बोलणं झालं ते सामान टेम्पोत चढवताना.

तो मूळचा किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा विशीत होता. घर गेलं, त्याबद्दल तो बोलत नसे आणि मीही विचारलं नाही. एवढंच सांगायचा की देवळाचा भोंगा आणि बॅटरीवरचं मशीन ढिगाऱ्यातून निघालं, झटकलं तर चालू. मग पत्र्याच्या शेडांच्या वस्तीत कित्येक आठवडे तो भोंग्यावरून सांगत राहिला, टँकर कुठं आलाय, कांबळी कुठं वाटून राहिलेत, कुणाचं माणूस कुणाला शोधतंय. "तवा कळलं सर," तो एकदा म्हणाला, "माणसाला भाकरीच्या आधी आवाज लागतो. कोण हाय, कोण न्हाई, ते आधी ऐकू याय लागतं." आम्ही दोघांनी मिळून एक बॉक्स उचलला आणि टेम्पोत ठेवला.

पुढे लातूरला क्लासचं पीक आलं. पत्र्याच्या एकेका हॉलात तीनशे-तीनशे पोरं बसायला लागली. वर वीस पंखे घरघरतात आणि खाली मास्तर कॅलक्युलस शिकवतो. माइक नसेल तर पहिल्या चार बाकांचेच डॉक्टर होणार. ज्ञानोबा किल्लारीहून लातूरला आला आणि सगळ्या क्लासांना आवाज पुरवायला लागला. कोणत्या मास्तरचा माइक आहे ते तो उघडून सांगायचा. खडूची भुकटी निघाली की रसायनवाला, तंबाखू निघाली की जीवशास्त्रवाला. गणितवाल्याच्या माइकात काहीच निघत नसे, कारण तो माइक तोंडापासून हातभर लांब धरून पुटपुटायचा. "ह्यो माणूस स्वतःलाच शिकवून राहिलाय," असं ज्ञानोबाचं मत होतं.

त्याचा एकच कायदा होता. मशीनला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. कार्यक्रम चार तासांचा असला तरी हा मिक्सरपासून हलायचा नाही. जेवणाचा डबा तिथंच, पाणी तिथंच. त्याची बायको भामाबाई घरातलं सगळं पुसायची, पण मशीनवरची धूळ तशीच ठेवायची.

आता गुणगौरवाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नंबरात आलेल्या पोराचं नाव पुकारलं की ते एकटं वर जात नाही. आईबापासकट जातं. बापाला शाल आणि नारळ, आईची खणा-नारळानं ओटी, मधे पोरगं, फोटो, आणि मग ते पोरगं माइकवर दोन शब्द बोलतं. शेतावरनं थेट आलेले बाप असतात, पायात नवी चप्पल करकरत असते, नारळ कसा धरावा हे कळत नाही. ही चार मिनिटं त्या घरात पुढं वीस वर्षं सांगितली जातात. ज्ञानोबानं अशी हजारेक घरं हॉलच्या मागच्या टोकावरून पाहिली होती.

आणि त्या साली बारावीच्या निकालात त्याची ऋतुजा आली. नुसती आली नाही, मेडिकलला जाईल अशी आली. शेषेराव सर, म्हणजे ज्या क्लासात ती शिकली त्याचे मालक, स्वतः त्याच्या घरी पेढे घेऊन गेले. "ज्ञानोबा, यंदा तुम्ही वर," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझा फोन वाजला. मला वाटलं कुणीतरी गेलं.

"सर, लई अडचण झाली."

"काय झालं?"

"ऋती तिसरी आली जी क्लासात."

"अहो, मग अडचण कसली?"

"मी वर गेलो तर खाली कोण?"

मी ऑर्केस्ट्रातल्या दोघांची नावं सुचवली. त्यानं फोन ठेवला. परत लावून म्हणाला, "दुसऱ्याच्या हातात मशीन देण्यापरीस मी वर जात न्हाई." पण त्याचा आवाज वेगळा लागत होता. या माणसाला मी एरवी कधी काही मागताना ऐकलं नव्हतं. त्याला त्या स्टेजवर पोरीशेजारी उभं राहायचं होतं, एवढंच. आणि त्या चार मिनिटांत तिचा माइक उघडायला, शेषेराव सरांचा बंद करायला, आमचा ऑर्केस्ट्रा खाली घ्यायला कुणीतरी हवं होतं. सगळे माइक उघडे ठेवले तर पंख्या-कूलरची घरघर आत येते आणि हॉल शिट्ट्या मारायला लागतो.

उपाय त्यानंच काढला. हैदराबादच्या एका स्टुडिओनं एक जुना डिजिटल मिक्सर विकायला काढला होता. त्याच्या बटणांना, ज्यांना आम्ही फेडर म्हणतो आणि जी वर-खाली सरकवली की आवाज वाढतो-उतरतो, त्यांना आत मोटर होती. मांडणी एकदा ठरवून मशीनच्या आठवणीत ठेवायची, की हुकूम मिळाल्यावर सगळे फेडर आपोआप त्या जागी जाऊन बसतात. तो हुकूम म्हणे कीबोर्डवरूनही देता येतो, मिडी नावाच्या वायरीनं. "तुमी वर बसून बटन दाबायचं, खाली मशीन आपसूक हलंल. दुसऱ्याचा हातबी लागला न्हाई," असं तो म्हणाला. मी मनात म्हटलं, म्हणजे माझ्या हातावर तुमचा भरवसा नाही, बोटावर आहे.

मिक्सर त्यानं एसटीनं आणला, देगलूरमार्गे, वाकळीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. कंडक्टरनं आधी तेलुगूत आणि मग मराठीत विचारलं की हे काय आहे, तेव्हा यानं नुसतं "हळू चालवा" एवढंच सांगितलं. घरी पोचल्यावर त्याच्या आईनं, चतुराबाईनं, मशीनला ओवाळलं आणि चोवीसच्या चोवीस फेडरवर हळदीकुंकू लावलं. सातव्या फेडरच्या फटीत कुंकू जरा जास्त गेलं. तो पुढं कायम करकरत राहिला.

मिडीबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. पण मी भौतिकशास्त्राचा मास्तर आणि वरून कीबोर्डवाला, त्यामुळे माहीत नाही असं म्हणायची सोय नव्हती. मी नांदेडला एका वाद्यांच्या दुकानातून मिडीची कोरी वायर घेतली आणि शुक्रवारी लातूरच्या गाडीत कुणाच्यातरी हातून पाठवली. रविवारी कीबोर्ड घेऊन त्याच्या घरी जाऊन बघतो तर ज्ञानोबानं वेगळीच वायर लावून ठेवलेली. जुन्या टेपरेकॉर्डरची. तिलाही गोल पिन, तिलाही पाच काटे, चपखल बसलेली. फक्त काम होत नव्हतं.

"मी पाठवलेली कुठंय?" मी विचारलं.

"ती मेलेली निघाली जी."

"नवी कोरी वायर मेलेली कशी असेल?"

"बोट लावून पायलं. हूं न्हाई की चूं न्हाई. भंगारच्या पोत्यात टाकली."

मी आयुष्यात प्रथमच भंगारच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. वायर सापडली, वर तिला कुठलातरी वंगणाचा वास लागलेला. मी ज्ञानोबाला समजवायला बसलो की या वायरीतून आवाज जातच नाही, नुसते आकडे जातात, म्हणून ती गुणगुणणार नाही. तो ऐकून घेत होता, पण त्याचा चेहरा सांगत होता की सरांचं डोकं फिरलंय. आवाज नसलेली वायर साउंडवाल्याच्या काय कामाची? मी फळ्यावर काढतो तशी आकृती काढली. शून्य आणि एक सांगितले. चतुराबाई मधेच चहा ठेवून गेली. ज्ञानोबानं चहा प्यायला आणि विचारलं, "पर मग आवाज कुठून जातो?"

माझा पारा चढायला लागला होता. तेवढ्यात ऋतुजा आतून आली. अठरा वर्षांची, काटकुळी, तोंडात कायम पेन. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही हात वर करता तेव्हा मेंदूतून हात येतो का? नसेतून नुसता निरोप येतो, वर कर म्हणून. हात इथंच असतो."

ज्ञानोबानं आपला हात वर केला, खाली केला, परत वर केला. "म्हंजे ही नस हाय," तो म्हणाला.

"हाव," ती म्हणाली आणि परत आत गेली. मी पंचवीस वर्षं शिकवतोय. त्या दिवशी मला कळलं की माझी एकशे नऊ पोरं मला सोडून का जातात.

पण नस जोडूनही हात हलेना. ज्ञानोबानं 'आउट'ची वायर 'आउट'मध्येच खोचली होती, कारण आवाज बाहेरच्या माणसांना जायचा असतो. ती मी बदलली. तरी ढिम्म. मग कळलं की या वायरीवर सोळा नंबर असतात. माझा कीबोर्ड एक नंबरवर बोलत होता आणि हैदराबादचं हे मशीन भलत्याच नंबरावर कान लावून बसलं होतं. मी एकापासून सुरू केलं आणि तेराव्याला मशीन हललं. एका झटक्यात चोवीस फेडर खर्रकन वर गेले, थबकले, आणि आपापल्या जागी खाली आले. सातवा करकर करत सगळ्यांच्या मागून पोचला.

चतुराबाईच्या हातातली कपबशी सुटली. "आई गं! वारं आलं याच्यात!"

"आजी, मोटर आहे आत," मी म्हणालो.

"मोटर पान्याला असती," ती म्हणाली आणि मशीनसमोर हात जोडून बसली. "आई, ऋतीचा नंबर औरंगाबादेला लागंल का?" मला खरोखरच काही करायचं नव्हतं, पण माझं कोपर कीबोर्डला लागलं. फेडर परत उसळले. "हाव म्हनाली," असं म्हणून चतुराबाई उठली आणि सगळ्या गल्लीला सांगून आली. तासाभरात दारात तीन बाया उभ्या, एकीच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. ज्ञानोबानं दार लावून घेतलं.

मग आम्ही मांडणी ठरवली. माझ्या कीबोर्डवर पहिलं बटण पियानोचं, दुसरं बासरीचं, तिसरं सनईचं. मी कोणताही आवाज निवडला की त्याचा आकडा वायरीनं खाली जाणार. पियानोला मशीननं शेषेराव सरांचा माइक उघडायचा. बासरीला पोरांचा माइक उघडायचा, बाकी सगळं खाली. दोनच मांडण्या आम्ही भरल्या. तिसऱ्या खणापासून पुढं हैदराबादवाल्यांचं जुनं काहीतरी तसंच पडलेलं होतं. मी सनई दाबून बघितली तर सगळे माइक मेले आणि माझा एकट्याचा कीबोर्ड देवळाच्या गाभाऱ्यात वाजावा तसा घुमायला लागला.

"ते पुसायचं कसं?" ज्ञानोबानं विचारलं.

आम्ही दीड तास शोधलं. पुसायचं कसं ते सापडलं नाही, त्यावर नवी मांडणीही मशीन घेईना, आणि खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती की भरलेल्या दोन मांडण्याही पुसल्या जातील. भामाबाईनं आपल्या पाकिटातल्या दोन लाल टिकल्या दिल्या. त्या आम्ही पियानोच्या आणि बासरीच्या बटणावर चिकटवल्या. ठरलं की त्या दिवशी मी टिकलीशिवाय कशालाही हात लावायचा नाही. सनई तर नाहीच. मी ज्ञानोबाला वचन दिलं. त्याच्या घरी बसून, त्याच्या पोरीसमोर दिलं.

समारंभ जूनमधल्या एका रविवारी सकाळी अकराला होता. पाऊस नाही, ढग आहेत, हॉलमध्ये दोन हजार माणसं आणि सगळ्यांच्या अंगाला पाणी सुटलेलं. ज्ञानोबा इस्त्रीचा नवा पांढरा शर्ट घालून मिक्सरपाशी उभा होता. खिशात स्क्रू ड्रायव्हर होताच. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुर्च्यांच्या कडेनं त्यानं मिडीची ती वायर, मधे जोड देऊन लांब केलेली, ओढली होती आणि तिच्यावर सतरंजीची पट्टी टाकली होती. माझा कीबोर्ड माइकच्या बरोबर मागं, हातभर अंतरावर. सत्कार शेवटच्या नंबरापासून वर होते, त्यातले पहिले आठ-दहा त्यानं हातानंच सांभाळले. मी सगळं पियानोवर वाजवत होतो. प्रत्येक बाप शाल घेताना मागं सनई नसून पियानो. शेषेराव सर दोनदा माझ्याकडे वळून बघून गेले. "सर, आज लग्नाचं वाजवत नाही का?" असं त्यांनी माइक झाकून विचारलंसुद्धा. मी नुसता हसलो.

मग तिसरा नंबर पुकारला. "कुमारी ऋतुजा, आणि तिचे आईवडील." शेषेराव सर पुढं म्हणाले, "बारा वर्षं ज्यांनी आम्हा सगळ्यांचा आवाज तुमच्यापर्यंत पोचवला, ते आपले ज्ञानोबा." हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. ज्ञानोबानं वायर मशीनला जोडली, मला हात केला, आणि खुर्च्यांमधून चालत निघाला. तो स्टेजच्या पायऱ्या चढला तेही मागं मशीनकडे बघत. भामाबाईनं त्याचा शर्ट ओढून त्याला सरळ उभं केलं.

शाल पडली. नारळ हातात आला. हजार बापांना पाहिलेला हा माणूस, पण त्यालाही नारळ कसा धरावा ते कळलं नाही, त्यानं तो माइकसारखा धरला. फोटोवाला म्हणाला इकडं बघा, तर हा बॉक्सकडे कान लावून. मी टिकलीवर बोट ठेवून बासरी दाबली. समोर लांबवर फेडर खर्रकन हलले. ऋतुजा माइकपाशी आली.

"नमस्कार," ती म्हणाली. आवाज स्वच्छ, सगळ्या हॉलभर.

ज्ञानोबानं ते ऐकलं. मान एका बाजूला कलती, डोळे मिटलेले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी. भामाबाई पदराच्या टोकाशी खेळत होती. कार्यक्रमात मी त्याला बारा वर्षं लांबूनच पाहत आलो होतो, स्टेजवर इतक्या जवळ पहिल्यांदाच. मला वाटलं, आजवर सगळ्यांच्या बापांना मी सनई दिली, आणि याला ती नाही? असा विचार मी केला की नुसता हातानंच केला, मला आजही सांगता येत नाही. बाप स्टेजवर उभा राहिला की माझा हात सनईवर जातो, बारा वर्षांची सवय. तो गेला.

बॉक्समधून सनई अशी उसळली की पुढच्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं. सगळी हैदराबादची घुमघुम हॉलवर पसरली. ऋतुजाचा माइक मेला.

दोन हजार माणसांत ते सगळ्यात आधी ज्ञानोबाला कळलं. त्यानं नारळ भामाबाईच्या ओटीत टाकला आणि पायऱ्या सोडून सरळ खाली उडी मारली. मी घाबरून बासरीचं बटण शोधायला लागलो, तर टिकली घामानं निघून माझ्याच बोटाला चिकटलेली. सगळी बटणं सारखीच दिसायला लागली. मी चार दाबलं, पाच दाबलं, सहा दाबलं. तिकडे फेडर नाचत होते, बॉक्समधून कधी तबला, कधी नुसती खरखर, आणि खुर्च्यांमधून ज्ञानोबा पळत होता, शाल मागं उडतेय, स्क्रू ड्रायव्हर खिशातून पडलाय. लोक उठून वाट देत होते. कुणाला वाटलं भूकंपच झाला, मागची एक रांग दाराकडे निघालीसुद्धा.

ऋतुजाला यातलं काही दिसलं नव्हतं. तिनं पाठ केलं होतं आणि पाठ केलेलं म्हणताना ती पायांकडे बघते, कानावर काहीही पडलं तरी थांबत नाही. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर मी होतो. माइक मेला होता, पण तिचा आवाज मला ऐकू आला.

"पप्पा," ती म्हणाली, "बारा वर्षं तुम्ही सगळ्यांच्या लेकरांना ऐकलं. आज मशीनकडं बघू नका. आज माझ्याकडं बघा."

आणि तिनं वर पाहिलं तर शेजारी बाप नव्हता.

तोवर ज्ञानोबा पोचला होता. त्यानं वायर उपटून फेकली, हातानं फेडर वर नेला आणि हॉलच्या त्या टोकावरून पोरीला अंगठा दाखवला, आवाज चालू आहे, बोल. ऋतुजा त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "धन्यवाद." हॉलमध्ये 'नमस्कार'नंतर तेवढा एकच शब्द नीट ऐकू आला. टाळ्या खूप पडल्या.

तीन वाजेपर्यंत हॉल रिकामा झाला. माणसं गेली, भामाबाई आणि ऋतुजा रिक्षानं घरी गेल्या. मी पायरीवर बसलो होतो. माफी कशी मागावी हे मी तासभर मनात जुळवत होतो. मी वचन मोडलं होतं, आणि तेही कुठल्या घाईत नाही, मायेच्या भरात मोडलं होतं, हे सांगायला आणखीच लाज वाटत होती. ज्ञानोबा कोपराभोवती वायर गुंडाळत माझ्यापर्यंत आला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"सर, मधी काय म्हनत होती ती? मी पळून राहिलो तवा वळून पायलं, तिचे ओठ हालत होते."

"आभार मानले," मी म्हणालो.

"खरं सांगा. तुमी मागंच होता."

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. तो वायर गुंडाळायचा थांबला.

"पर सर," तो म्हणाला, "मी गेलो नसतो तर ते ऐकू कसं आलं असतं?"

"तुम्हाला आलं असतं, ज्ञानोबा. तुम्ही तिच्या शेजारी उभे होता. ते बाकी कुणासाठी नव्हतंच."

तो बॉक्सवर बसला. त्यानं तोंडावरून हात फिरवला, दोनदा. मग तो उठला आणि अर्धी गुंडाळलेली वायर माझ्या हातात दिली.

"एवढं आवरून घ्या जी," तो म्हणाला. "मी घरला जातो. ऋती घरी हाय."

आणि सगळं सामान तिथंच टाकून तो निघाला. दारातून बाहेर पडला, रस्ता ओलांडला, चालता चालता पळायला लागला. शाल अजून त्याच्या खांद्यावरच होती. मी सात बॉक्स, चार माइक, ते मशीन आणि त्या सगळ्या वायरी एकट्यानं आवरल्या. पाच वाजून गेले.